मेंढ्यांच्या कुरणातलं रायग्रास आणि पांढरा क्लोव्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतीचं शिक्षण घ्यायला किंवा फार्मवर काम करायला न्यूझीलंडला येणारी मराठी मुलं-मुली आणि त्यांना भेटायला येणारे आईवडील हे प्रश्न हमखास विचारतात. विचारणाऱ्यांत निम्मे शेतकरी घरातले असतात, म्हणून उत्तरंही शेतकऱ्याला द्यावीत तशी दिली आहेत. उदाहरणं मुख्यतः दक्षिण बेटावरच्या कँटरबरीची आहेत. ऋतू आपल्या उलट असतात हे वाचताना ध्यानात ठेवा: इथे ऑक्टोबर म्हणजे वसंत, जानेवारी म्हणजे भर उन्हाळा आणि जुलै म्हणजे कडाक्याची थंडी.

हे हिरवं गवत आपोआप उगवलेलं असतं ना?

नाही. विमानातून दिसणारा तो हिरवा गालिचा जवळजवळ सगळा माणसाने पेरलेला आहे. रायग्रास हे चराऊ गवत आणि पांढरा क्लोव्हर ही त्याच्यासोबत पेरली जाणारी द्विदल वनस्पती, दोन्ही मूळचे युरोप आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून आलेल्या वसाहतवाल्यांनी बियाणं सोबत आणलं. त्याआधी इथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता, त्यामुळे इथलं मूळचं झुबक्यांचं गवत रोजच्या चराईला सरावलेलं नव्हतं. आणलेल्या दोन वनस्पतींचं तसं नाही. त्या युरोपात हजारो वर्षं जनावरांच्या दाताखाली वाढल्या आहेत. क्लोव्हरचं बी धरायला मधमाश्या लागतात. त्याही १८३९ मध्ये बाहेरूनच आणल्या गेल्या.

एकटं रायग्रास का पेरत नाहीत?

पेरता येतं, पण मग नत्राचं बिल भरावं लागतं. रायग्रास नत्राला हावरट आहे. क्लोव्हर द्विदल कुळातला; त्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र पकडतात. आपल्याकडे ज्वारीत तूर घेतात त्याच हिशेबाने हे चालतं, फरक एवढाच की इथे काढणी मेंढी करते आणि ती वर्षभर चालू असते. हा फरक दिसायला छोटा आहे, पण पुढची जवळजवळ सगळी उत्तरं त्याच्यातूनच निघतात.

दुसरं कारण चाऱ्याचं. वसंताच्या शेवटी रायग्रास निसवतं, कांडी धरतं, त्याची पचनीयता घसरते. क्लोव्हरच्या झाडात मेंढीच्या तोंडी येतात ती पानं आणि देठ. खोड जमिनीलगत पडून असतं. म्हणून उन्हाळ्यातही त्याचा चारा मऊ आणि प्रथिनयुक्त राहतो. क्लोव्हर भरपूर असलेल्या कुरणावर दूध तुटलेली कोकरं दिवसाला ३०० ग्रॅमच्या आसपास वजन धरू शकतात. निसवलेल्या रायग्रासवर तेवढी वाढ मिळत नाही.

रायग्रास नेमकं वाढतं कसं? मेंढी रोज खाते तरी संपत कसं नाही?

कारण त्याचा वाढीचा कोंब मेंढीच्या दातांच्या खाली असतो. रायग्रासचं रोप म्हणजे फुटव्यांचा पुंजका. प्रत्येक फुटव्याच्या तळाशी, जमिनीच्या अगदी लगत कोंब असतो आणि पानं तिथून एकामागून एक वर येतात. मेंढीने वरचं पातं तोडलं तरी खालून ढकलणारा कोंब शाबूत राहतो. फुटवा निसवायला लागला की मात्र कोंब कांडीबरोबर वर चढतो. तेव्हा तो खाल्ला गेला तर तो फुटवा संपला. मग तळातल्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात.

एका फुटव्यावर एका वेळी साधारण ३ जिवंत पानं असतात. चौथं बाहेर पडतं तेव्हा पहिलं सुकायला लागतं. म्हणजे तीन पानांच्या पलीकडे थांबून काही हाती लागत नाही. जेवढं वर येतं तेवढंच खाली वाळतं. नवं पान यायला लागणारा वेळ मुख्यतः तापमानावर असतो: वसंताच्या शेवटी आठवडाभर, हिवाळ्यात तीन-चार आठवडे. चरून झालेल्या तुकड्यावर मेंढ्या परत आणायची पाळी किती दिवसांची ठेवायची हे इथले जाणते शेतकरी म्हणूनच कॅलेंडरवरून ठरवत नाहीत, फुटवे उपटून पानं मोजतात.

चरल्यावर पहिलं पान कुठून येतं? तळाच्या दीड-दोन इंचांत साठवलेल्या साखरेवर. ते पान उघडून अन्न बनवायला लागेपर्यंत रोप शिलकीवर जगतं. पहिलं पान येताक्षणी मेंढी पुन्हा आली, आणि असं दोन-तीनदा झालं, की शिल्लक आटते. सर्वांत आधी मुळं वाढायची थांबतात, मग फुटवे मरतात.

मेंढ्यांच्या कुरणाची खासियत इथेच आहे. सतत आखूड चरलेल्या कुरणात फुटवे बारीक होतात पण संख्येने प्रचंड वाढतात: चौरस मीटरला दहा-वीस हजार, कधी त्याहूनही जास्त. गायींच्या उंच वाढू दिलेल्या कुरणात तेच फुटवे मोठे आणि कमी असतात. एकूण पानाचा पसारा रायग्रास अशा रीतीने सांभाळून घेतं. मेंढ्यांचं कुरण गालिच्यासारखं दाट दिसतं ते यामुळे.

आणि क्लोव्हर?

क्लोव्हरची तऱ्हा निराळी. त्याचं खोड जमिनीवर सरपटत जातं. टोकाला कोंब, आणि प्रत्येक पेरावर एक पान, एक डोळा आणि मुळं फुटण्याची जागा. ओल मिळाली की पेर मूळ धरतं. डोळ्याला उजेड मिळाला की त्यातून नवी फांदी निघते. दाट गवताच्या सावलीत पोहोचणाऱ्या उजेडात लाल किरण कमी आणि त्यापलीकडचे दूर-लाल जास्त असतात; ते ओळखून डोळा झोपून राहतो. म्हणजे क्लोव्हरला वर उजेड मिळून भागत नाही, खाली खोडापर्यंत उजेड पोहोचावा लागतो.

बियाण्यातून आलेल्या रोपाला सोटमूळ असतं, पण ते साधारण वर्ष-दोन वर्षांत मरतं. त्यानंतर झाड म्हणजे पेरापेरावर मुळं धरलेल्या खोडांचं जाळं. मागचं टोक कुजत जातं, पुढचं वाढत जातं, मधे तुटलं की एकाची दोन झाडं होतात. दहा वर्षांच्या कुरणातला क्लोव्हर बहुतेक अशा तुकड्यांचा असतो.

लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट सांगायला हवी. हिवाळ्यात मेंढ्यांच्या खुरांनी आणि गांडुळांनी वर टाकलेल्या मातीने क्लोव्हरची बरीचशी खोडं गाडली जातात. गाडलेलं जुनं खोड कुजतं आणि वसंताच्या तोंडाशी झाडांचे तुकडे होतात. म्हणजे वर्षात क्लोव्हरची झाडं सर्वांत लहान आणि दुबळी असतात ती नेमकी रायग्रास उसळी मारतं तेव्हा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत हाताबाहेर गेलं, तर जानेवारीत क्लोव्हर कुठे गेला म्हणून शोधत बसावं लागतं.

वर्षभरात कोण कधी वाढतं?

जमिनीचं तापमान ५-६ अंशांवर गेलं की रायग्रास हलायला लागतं. क्लोव्हरला ८-९ अंश तरी लागतात. रायग्रासला १८-२० अंश सर्वांत मानवतात, क्लोव्हरला २४ च्या आसपास. त्यामुळे हिवाळ्याचा शेवट आणि वसंत रायग्रासचा, उन्हाळा क्लोव्हरचा.

कँटरबरीत भर हिवाळ्यात हेक्टरी दिवसाला जेमतेम ५-१० किलो कोरडा चारा (म्हणजे पाणी वगळून उरणारं वजन) वाढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोच आकडा ६०-७० किलोंवर जातो. मेंढ्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वितील असा मेळ घातलेला असतो, म्हणजे दुधाची गरज आणि गवताची उसळी एकत्र येते. मग उन्हाळा. कँटरबरीतल्या लिंकन गावाच्या परिसरात वर्षाचा पाऊस साधारण ६००-६५० मिलिमीटर, त्यात कोरडे वायव्येचे वारे. पाणी न देता क्लोव्हरला उन्हाळ्याचा फायदा घेता येत नाही, कारण सोटमूळ गेल्यावर त्याची मुळं उथळ राहतात. कोरड्या टेकड्यांवर म्हणून अनेक जण पांढऱ्या क्लोव्हरचा नाद सोडून सबटेरेनियन क्लोव्हर घेतात. तो शरदात उगवतो, वसंतात बी मातीत खुपसतो आणि उन्हाळ्याआधी मरून मोकळा होतो. किंवा लसूणघास, जिची मुळं खोल जातात.

क्लोव्हर किती नत्र देतो?

ढोबळ हिशेब: क्लोव्हरच्या १ टन कोरड्या चाऱ्यामागे २५ ते ३० किलो नत्र. कुरणाचं वार्षिक उत्पादन हेक्टरी १० टन आणि त्यात क्लोव्हर २० टक्के धरला, तर २ टन क्लोव्हर, म्हणजे ५०-६० किलो नत्र. चांगल्या ओलाव्याच्या सुपीक सपाटीवर आकडा याच्या कितीतरी वर जातो. डोंगरउतारावर खाली येतो.

गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. शेतात हीच तपासणी पुरते.

तो नत्र रायग्रासला मिळतो कसा? मुळं एकमेकांना देतात का?

मुळांमधून थेट देवाणघेवाण फार थोडी असते. एक वाट कुजण्याची आहे: क्लोव्हरची मुळं, गाठी, गाडलेली खोडं मरतात, माती त्यांचा नत्र मोकळा करते. दुसरी वाट मेंढीच्या पोटातून जाते. ती खाल्लेल्या नत्रापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त लेंड्या आणि मुताच्या रूपात परत टाकते. मांस, लोकर आणि दूध यांत राहतो तो थोडका.

मात्र ती जिथे खाते तिथेच परत टाकत नाही. मूत पडलेल्या टिचभर जागेत हेक्टरी ३००-५०० किलोंच्या दराने नत्र पडतो आणि शेजारची जागा कोरडी राहते. कुरणात गडद हिरवे गोल ठिपके दिसतात ते हेच. त्यात रायग्रास माजतं आणि क्लोव्हर मागे पडतो. डोंगराळ फार्मवर तर आणखी गंमत. मेंढ्या दिवसभर उतारावर चरतात आणि रात्री माथ्यावरच्या सपाट जागी बसतात. वर्षानुवर्षं उताराची सुपीकता उचलून माथ्यावर नेली जाते. माथ्यावर घनदाट रायग्रास, उतारावर हलकी गवतं आणि तुरळक क्लोव्हर, असं चित्र त्यातूनच बनतं. आपल्याकडे शेतात मेंढ्या बसवायचे धान्य किंवा पैसे धनगराला देतात ते याच खतासाठी. इथे ते खत मेंढ्या आपल्या मर्जीने नको तिथे साठवतात.

मग क्लोव्हर वाढत वाढत सगळं कुरण का व्यापत नाही? नत्र तर त्याला फुकट मिळतो.

हा या पानावरचा सर्वांत चांगला प्रश्न.

फुकट नाही मिळत. गाठींतल्या जिवाणूंना क्लोव्हर स्वतःची साखर खाऊ घालतो. मातीत तयार नत्र असेल तर तो उचलणं त्यालाही स्वस्त पडतं, म्हणून अशा जागी तो गाठींचं काम कमी करतो. पण तयार नत्र उचलण्याच्या शर्यतीत रायग्रासची बारीक, दाट मुळं त्याला हरवतात. नत्र मिळालेलं रायग्रास वर उठतं आणि क्लोव्हरच्या खोडावर सावली धरते.

आता घटनाक्रम बघा. नत्र कमी असलेल्या जागी क्लोव्हर शिरतो, कारण तिथे रायग्रास पिवळट आणि विरळ असतं. दोन-तीन वर्षांत माती सुधारते. सुधारलेल्या मातीत रायग्रास बळावतं आणि क्लोव्हरला हुसकावतं. क्लोव्हर गेल्यावर नवा नत्र येणं थांबतं, असलेला संपत जातो, रायग्रास पुन्हा उतरतं आणि शेजारून क्लोव्हरची खोडं परत शिरतात. १९९० च्या दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांनी याचं गणिती मॉडेल मांडलं, तेव्हा स्पष्ट झालं की दोघांचं प्रमाण एका आकड्यावर स्थिर राहण्याऐवजी वर-खाली हेलकावणं हीच या जोडीची प्रकृती आहे. अख्ख्या शेतात ते सरासरीने फारसं दिसत नाही, कारण प्रत्येक तुकडा वेगळ्या टप्प्यावर असतो. कुठे आज क्लोव्हरचा पट्टा, कुठे गवताचा.

म्हणून यंदा क्लोव्हर घटला म्हटल्यावर लगेच बियाणं विकत आणायला धावणाऱ्यांना माझा सल्ला थांबण्याचा असतो. एका वर्षाचा उतार रोग नसतो. सलग तीन-चार वर्षं घसरण असेल तर स्फुरद, कीड आणि वसंतातली चराई या तीन गोष्टी तपासाव्यात, बियाणं त्यानंतर.

मेंढीला काय जास्त आवडतं?

क्लोव्हर, पण फक्त क्लोव्हर नाही. शेजारी-शेजारी नुसत्या क्लोव्हरचा आणि नुसत्या रायग्रासचा पट्टा देऊन केलेल्या प्रयोगांत मेंढ्यांनी साधारण ७० टक्के क्लोव्हर आणि ३० टक्के गवत असा आहार घेतला. सकाळी ओढा क्लोव्हरकडे, संध्याकाळ होईल तसा गवताकडे. रात्रभर रवंथ करायला तंतुमय चारा पोटात असावा, हे त्याचं पटण्यासारखं एक स्पष्टीकरण आहे.

अडचण अशी की कुरणात क्लोव्हर असतो १०-२० टक्के आणि मेंढीला हवा ७० टक्के. वरचा ओठ मधोमध दुभंगलेला, तोंड निमुळतं. गवतातून क्लोव्हरचं पान वेचून घेणं तिला सहज जमतं. गाय जिभेने गवताचा वेढा घालून ओढते, तिला एवढी निवड जमत नाही. त्यामुळे सारख्याच जमिनीवर मेंढ्यांच्या कुरणात क्लोव्हर गायींच्या कुरणापेक्षा कमी राहतो. मेंढ्यांबरोबर काही गुरं ठेवणारे फार्म इथे पुष्कळ आहेत. क्लोव्हर सांभाळणं हाही त्यातला एक हिशेब.

सतत चराई बरी की पाळीपाळीने?

दोन्ही लागतात. विणाऱ्या मेंढ्या हलवत बसलं तर आया आणि कोकरं चुकामूक होऊन विखुरतात, म्हणून ऑगस्टपासून दूध तोडेपर्यंत बहुतेक ठिकाणी मेंढ्या एकाच पॅडॉकमध्ये (कुंपण घातलेल्या कुरणाच्या तुकड्यात) पसरून ठेवतात. गवत ३-४ सेंटिमीटरवर धरलं तर मेंढीचं पोट भरतं आणि खालच्या क्लोव्हरलाही उजेड मिळतो. दूध तोडल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरपासून, पाळी सुरू होते.

सततच्या चराईत क्लोव्हरची पानं लहान, देठ आखूड आणि खोडं बारीक पण दाट होतात. पाळीच्या चराईत पानं मोठी आणि देठ लांब. झाड तेच असतं, नेसणं बदलतं. वाणही यावरून निवडतात. ताहोरा हा लहान पानांचा वाण डोंगराळ मेंढी-कुरणांसाठी, हुइया मधला, कोपू मोठ्या पानांचा, गायींसाठी. मोठ्या पानांचा वाण आखूड चराईत टाकला तर मेंढ्या तो खोडासकट साफ करतात.

चराईचं एकच सूत्र निवडायचं तर मी हे निवडेन: वसंतात आखूड, उन्हाळ्यात सैल. वसंतात आखूड म्हणजे दुबळ्या क्लोव्हरवर सावली नको. उन्हाळ्यात सैल, कारण उघड्या पडलेल्या जमिनीच्या पृष्ठावर दुपारी खोडं भाजून मरतात. थोडं गवत वर असलेलं बरं. अनेक फार्मवर नेमकं उलटं घडतं. वसंतात गवत खायला मेंढ्या पुरत नाहीत आणि फेब्रुवारीत मेंढ्यांना गवत पुरत नाही.

युरिया टाकला तर काय बिघडतं?

हिवाळ्याच्या शेवटी चाऱ्याची तूट भरायला हेक्टरी २०-३० किलो नत्र आणि वाढलेलं गवत वेळेवर खाऊन टाकलं, तर फारसं काही नाही. वर्षभर हप्त्याहप्त्याने टाकत राहिलात तर क्लोव्हर गेला म्हणून समजा, आणि मग युरियाशिवाय कुरण चालेना. जुलै २०२१ पासून न्यूझीलंडमध्ये चराऊ जमिनीवर रासायनिक नत्राला हेक्टरी वर्षाला १९० किलोंची कायदेशीर मर्यादा आहे. ती झळ मुख्यतः दुधाच्या धंद्याला. मेंढीवाले त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत.

क्लोव्हरला कोणतं खत लागतं?

स्फुरद आणि गंधक. रायग्रास स्फुरद शोधण्यातही क्लोव्हरपेक्षा तरबेज असल्यामुळे, कमतरता आली की आधी क्लोव्हर उपाशी राहतो. सामू ५.८ ते ६ च्या दरम्यान हवा, त्यासाठी चुना. काही जमिनींत मॉलिब्डेनम या सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता असते. हेक्टरी काही ग्रॅमने काम होतं, पण ते नसेल तर गाठी नत्र पकडत नाहीत.

इथल्या डोंगरांवर खत नेणं हाच मोठा प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धानंतर वैमानिकही मोकळे होते आणि विमानंही. १९४९ पासून विमानातून सुपर फॉस्फेट टाकण्याचा व्यवसाय सुरू झाला आणि उभ्या उतारांवर क्लोव्हर धरू लागला. १९८२ मध्ये देशात ७ कोटींहून जास्त मेंढ्या होत्या त्या या स्फुरद-क्लोव्हर जोडीच्या जोरावर. पुढे अनुदानं गेली, लोकरीचे भाव पडले, सपाटीवर गायी आल्या. आता मेंढ्या अडीच कोटींच्या आत आहेत.

पेरायचं कसं?

हेक्टरी रायग्रास १५-२० किलो आणि क्लोव्हर ३-४ किलो. क्लोव्हर कमी वाटतो, पण त्याच्या १ किलोत साधारण १५ लाख दाणे असतात. खोली १ सेंटिमीटर; क्लोव्हर खोल गेला तर वर येत नाही. वेळ फेब्रुवारी-मार्च. उशिरा पेरलं तर रायग्रास उगवतं आणि क्लोव्हर थंडीत बसून राहतो. रायग्रास जास्त पेरण्याचा मोह आवरा, कारण रोपावस्थेतच ते क्लोव्हरला झाकतं. पहिली चराई रोप हाताने ओढून बघून करायची: पातं तुटलं पण रोप उपटलं नाही तर मेंढ्या सोडा. त्याही थोडा वेळ, वरवर.

कुरणात क्लोव्हर किती आहे हे नजरेने कळतं का?

कळतं, पण बहुतेकांचा अंदाज जास्तीचा निघतो. क्लोव्हरची पानं आडवी पसरतात, रायग्रासची पाती उभी असतात. वरून तिसरा हिस्सा क्लोव्हर दिसला तरी वजनात तो बराच कमी भरतो. खात्री हवी तर मूठभर कापून, वेगळं करून, वाळवून तोला.

मेंढ्या थरथरतात, पळवलं की पडतात. हे गवताने होतं?

होय, याला इथे रायग्रास स्टॅगर्स म्हणतात. रायग्रासच्या आत एक बुरशी राहते. बाहेरून दिसत नाही, बियाण्यातून पुढच्या पिढीत जाते. ती किडींपासून रायग्रासचं रक्षण करणारी द्रव्यं बनवते आणि त्याबरोबर लोलिट्रेम-बी नावाचं विषही. या बुरशीचा आणि आजाराचा संबंध १९८१ मध्ये न्यूझीलंडमध्येच उघड झाला. विष पात्याच्या तळाशी जास्त असतं, म्हणून उन्हाळा-शरदात तळापर्यंत चरणाऱ्या मेंढ्यांना बाधतं. अशा कळपामागे कुत्रा लावू नका. शांतपणे दुसऱ्या चाऱ्यावर न्या. बहुतेक मेंढ्या सावरतात. मरतात त्या बहुधा पाण्यात किंवा ओघळीत पडून.

बुरशीच काढून टाकली तर? केलं होतं. मग रायग्रास अर्जेंटाईन स्टेम वीव्हिल या सोंडकिड्याच्या तोंडी गेलं. पुढे लोलिट्रेम-बी न बनवणारे पण किडीला अडवणारे बुरशीचे प्रकार निवडून बियाण्यात घातले: आधी एआर-१, मग एआर-३७. दुसऱ्यावर क्वचित थरथर दिसते, पण जुन्या बुरशीइतकी नाही. कुरणात क्लोव्हर जास्त असेल तर विषाची मात्रा आपोआप पातळ होते.

क्लोव्हरने मेंढ्यांना पोटफुगी होते का?

गायींच्या मानाने कमी. उपाशी कळप एकदम गच्च क्लोव्हरवर सोडू नये, एवढं पाळावं. कोवळ्या सकस चाऱ्यावर झपाट्याने वाढणाऱ्या कोकरांना आंत्रविषाराचा धोका मोठा. आपल्याकडे पावसाळ्याआधी जी लस टोचतात तिचंच इथलं रूप इथे नेमाने देतात.

क्लोव्हर पिवळा पडतोय, पानांच्या कडा कुरतडलेल्या आहेत.

क्लोव्हर रूट वीव्हिल असण्याची शक्यता मोठी. १९९६ मध्ये तो उत्तर बेटावर सापडला आणि नंतर देशभर पसरला. भुंगा पानांच्या कडांना खाचा पाडतो, ते नुकसान किरकोळ. खरं नुकसान जमिनीखाली: अळ्या नत्राच्या गाठीच खातात. आयर्लंडहून आणलेली एक इवलीशी परजीवी गांधीलमाशी २००६ मध्ये सोडली गेली. ती भुंग्याच्या पोटात अंडं घालते. फवारणीपेक्षा तिचाच उपयोग जास्त झाला.

हे बियाणं महाराष्ट्रात नेऊन लावू का? काकांच्या मेंढ्या आहेत.

नका लावू. आणि बियाणं बॅगेत घालून नेणं तर मुळीच नको, त्याला विलगीकरणाचे नियम आहेत.

पांढरा क्लोव्हर भारतात आहेच. काश्मीर आणि हिमाचलच्या कुरणांत तो मोकळा वाढतो. दख्खनच्या पठारावर मात्र एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांच्या उन्हात जमिनीलगतचं त्याचं खोड तग धरणार नाही, रायग्रासही नाही. पाणी असेल तर क्लोव्हरचा सख्खा भाऊ बरसीम रब्बीत घ्या, किंवा लसूणघास. दोन्ही कापून घालायची पिकं आहेत, रोज मेंढ्यांनी तुडवायची नव्हेत. पावसावरच्या माळरानासाठी मारवेलसारखं गवत आणि त्यात स्टायलो हे द्विदल, ही आपल्याकडची जोडी. दख्खनी मेंढी त्यावर जगते, चालते आणि पावसाळ्यानंतर काही कळप घाट उतरून कोकणात जातात.

इथलं शिकलेलं नेण्यासारखं आहे ते वेगळं. काकांना विचारा की पहिल्या पावसानंतर माळ किती दिवस बंद ठेवता येईल. स्टायलोचं रोप धरेपर्यंत आणि पुढे त्याचं बी जमिनीवर पडेपर्यंत मेंढ्या बाहेर राहिल्या तर पुढच्या वर्षी ते पुन्हा उगवेल. गायरान सामाईक असेल आणि शेजाऱ्याचा कळप रोज येणार असेल, तर बियाण्यावर पैसे घालण्याआधी गावात त्याबद्दल बोलणी करावी लागतील.